दहा दिवसांचं विपश्यना शिबिर: मौन सोपं, मांडी अवघड

प्रश्न थोडक्यात असा आहे: इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात दहा दिवसांच्या विपश्यना (बौद्ध परंपरेतली ध्यानसाधना) शिबिराला प्रवेश मिळालाय. वय चाळिशीचं, काम बैठं, कंबर अधूनमधून धरते. दहा दिवस न बोलता राहणं झेपेल का, तिथे नेमकं काय करून घेतात आणि आधी काय तयारी करावी?

मौनाची काळजी सगळ्यात आधी सोडून द्या. शिबिराला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण याच भीतीने जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात येतं की न बोलणं ही तिथली सगळ्यात सुखाची गोष्ट आहे. ओळख करून द्यायची नाही, हसून बघायचं नाही, ‘तुम्ही कुठले?’ नाही. तिथे त्याला आर्यमौन म्हणतात. त्यात खाणाखुणा, चिठ्ठ्या आणि नजरानजरही वर्ज्य असते. पण ते संपूर्ण मुकेपण नव्हे. खोलीतला पंखा बिघडला, पांघरूण कमी पडलं, पोट बिघडलं तर धम्मसेवकाशी, म्हणजे शिबिराची व्यवस्था बघणाऱ्या स्वयंसेवकाशी, हळू आवाजात बोलायचं. साधनेतली अडचण असेल तर दुपारी बारा ते एकच्या दरम्यान किंवा रात्री नऊनंतर सहाय्यक आचार्यांना विचारायचं. जेवताना वाढणाऱ्याला बोटाने ‘अर्धीच पोळी’ असं दाखवलंत म्हणून कोणी हाकलून देत नाही.

मौन ठेवायला लावतात त्यामागे साधं कारण आहे. शेजारचा म्हणाला, ‘माझ्या हातात कालपासून झिणझिण्या येतायत,’ की तुम्ही पुढचे दोन दिवस झिणझिण्याच शोधत बसाल. तुलना सुरू झाली की साधना तिथेच थांबते. म्हणून मित्रासोबत किंवा नवरा-बायकोने एकाच शिबिराला जाणं माझ्या मते टाळावं. पुरुष आणि स्त्रियांची राहण्या-जेवण्याची सोय वेगळी असते हे खरं, पण हॉलमध्ये बसल्या बसल्या ‘तिचं कसं चाललं असेल’ हा किडा डोक्यात वळवळत राहतो. दोन मित्र एकत्र गेले तर दोघांपैकी जो आधी कंटाळतो तो दुसऱ्यालाही डळमळीत करतो.

तयारी करायची ती बसण्याची. पहाटे चारला घंटा होते. साडेचार ते साडेसहा साधना, मग नाश्ता. आठ ते नऊ सामूहिक बैठक, नऊ ते अकरा पुन्हा साधना, अकराला जेवण. एक ते पाच मध्ये लहान विश्रांती घेत साधना, त्यात अडीच ते साडेतीन सामूहिक. पाचला चहा. सहा ते सात सामूहिक बैठक, सात ते सव्वाआठ प्रवचन, त्यानंतर नऊपर्यंत शेवटची बैठक आणि साडेनऊला दिवे बंद. बेरीज केली तर साधनेचे पावणेअकरा तास होतात. कंबर धरणाऱ्या माणसासाठी हा आकडा मौनापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

पाठ का दुखते ते आधी समजून घ्या. सपाट जमिनीवर मांडी घातली की बहुतेक शहरी माणसांचे गुडघे वर तरंगतात. गुडघे कमरेपेक्षा वर गेले की ओटीपोटाचं हाड मागे कलतं, कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो, खांदे पुढे येतात आणि सगळा भार पाठीच्या स्नायूंवर पडतो. वीस मिनिटांत दोन्ही खांद्यांच्या मधोमध आग पेटते. उपाय असा: बसायच्या आसनावर, पण फक्त नितंबांखाली, चार ते सहा इंच उंचीची घट्ट उशी ठेवा. मांडीखाली ती येऊ देऊ नका. गुडघे कमरेच्या खाली आले आणि जमिनीला टेकले की तिपाई झाली, पाठ आपोआप सरळ उभी राहते. एखादा गुडघा तरीही अधांतरी राहत असेल तर त्याच्याखाली घडी केलेला टॉवेल सारा. लोंबकळणारा गुडघा तासाभरात जांघ दुखवतो.

इथे हमखास एक चूक होते. तिसऱ्या दिवसापर्यंत लोक उशा जमवायला लागतात. दोन पाठीमागे, एक मांडीवर हात टेकायला, दोन गुडघ्यांखाली, असं सिंहासन तयार होतं. मऊ उशी जितकी जास्त तितका तोल कमी, आणि तोल सावरायला शरीर सतत बारीक हालचाल करत राहतं. दोन घट्ट उशा, बस. मांडी मुळीच जमत नसेल तर उशी दोन पायांमध्ये उभी ठेवून वज्रासनासारखं बसता येतं. त्यात पाठ छान सरळ राहते, मात्र घोट्यांवर ताण येतो. कंबरेचं दुखणं खरोखरचं असेल, म्हणजे मणक्याचं निदान झालेलं असेल, तर अर्जातच लिहा आणि पोचल्यावर पुन्हा सांगून खुर्ची मागून घ्या. खुर्चीत बसणं म्हणजे कमी प्रतीची साधना असं काही नसतं. शेवटच्या रांगेतल्या खुर्च्यांवर तुम्हाला अनेक जुने, म्हणजे आधी शिबिर केलेले, साधकही दिसतील.

कोणतं दुखणं सोसायचं आणि कोणतं नाही, याची खूण घरूनच पाठ करून जा. बोथट, पसरणारं दुखणं, जे उठून दोन मिनिटं चाललं की विरतं, ते बसण्याचं दुखणं. सांध्याच्या आत सुई टोचल्यासारखं तीव्र दुखणं, जे उठल्यावरही राहतं किंवा प्रत्येक बैठकीला वाढत जातं, ते सोसायचं नाही. बैठक बदला आणि आचार्यांना सांगा. पायाला मुंग्या येणं, पाय बधिर होणं हे शीर दबल्यामुळे होतं, उठल्यावर काही मिनिटांत जातं. धोका असतो तो बधिर पायावर तडक उभं राहण्यात, कारण घोटा मुरगळतो. घंटा झाली की आधी पाय लांब करा, बोटं हलवा, पायात जीव आला की मगच उठा.

आता उरलेल्या दिवसांत एवढं करा: रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं याच बैठकीत बसा आणि दुसऱ्या आठवड्यात ती चाळीसवर न्या. ध्यान नाही केलंत तरी चालेल, रेडिओ ऐका. नितंबांचे आणि मांडीचे स्नायू मोकळे करणारी आसनं येत असतील तर ती आत्ताच करून घ्या, कारण शिबिरात योगासनं आणि व्यायाम बंद असतात. चालणं तेवढं चालतं. ही साधना ब्रह्मदेशातून आलेली. तिथल्याच महासी या दुसऱ्या विपश्यना परंपरेच्या शिबिरांत बसण्याइतकाच वेळ पावलं टाकत चालण्याच्या ध्यानाला असतो. इथे तसं नाही, म्हणून विश्रांतीच्या वेळेत नेमून दिलेल्या वाटेवर खरोखर चाला, खाटेवर आडवे होऊ नका.

शिकवतात काय? पहिले तीन दिवस आणि चौथ्या दिवशी दुपारपर्यंत फक्त आनापान. आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास जाणायचा, नाक आणि वरचा ओठ मिळून जो त्रिकोण होतो तिथे. पहिल्या दिवशी नुसता श्वास, दुसऱ्या दिवशी त्याचा स्पर्श कुठे होतो ते, तिसऱ्या दिवशी त्या त्रिकोणात जी काही संवेदना असेल ती. मग जागा आणखी आक्रसत जाते आणि शेवटी नाकपुड्यांच्या खाली, मिशीची जागा तेवढीच उरते. बोटाच्या पेरावर मावेल एवढी जागा, आणि तिच्यावर तासन्‌तास लक्ष. हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं. पण जागा जितकी लहान तितकं मन तीक्ष्ण होतं, भिंगाने ऊन एका ठिकाणी आणावं तसं.

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली प्राणायामाची. ज्यांना अनुलोम-विलोमाची सवय आहे ते नकळत श्वास लांबवतात, मोजतात, रोखतात. इथला श्वास नैसर्गिक हवा, जसा येतो तसा. उथळ असेल तर उथळ, डावीकडून येत असेल तर डावीकडून. तो कळतच नसेल किंवा डुलकी यायला लागली तर काही मिनिटं जरा जोरात श्वास घ्यायला मुभा असते, मग पुन्हा नैसर्गिक. दुसरी चूक नामस्मरणाची, आणि आपल्याकडे ती जास्त. श्वासाबरोबर ‘विठ्ठल’ किंवा ‘सोऽहम्‌’ म्हटलं की मन पटकन स्थिरावतं हे अगदी खरं. अडचण नेमकी तीच आहे. शब्द जोडला की मन शब्दाला चिकटतं आणि श्वासाचा बारीक स्पर्श हातचा जातो. कल्पनेतल्या मूर्तीचंही तसंच. शिवाय पुढची पायरी सगळी संवेदनांची आहे, तिथे शब्द कामाचा नाही. म्हणून दहा दिवस जप, पूजा, उपवास, पोथी सगळं बाजूला ठेवायला सांगतात. त्यात निषेध नाही, फक्त भेसळ नको. गळ्यात तुळशीमाळ असेल आणि ती काढणं मनाला पटत नसेल तर तिथे जाऊन वाद घालण्यापेक्षा आत्ताच केंद्राला विचारून घ्या. सुरुवातीला पालीतून त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील (पाच नियम) घेतात. दीक्षाभूमीचा वारसा असलेल्या घरांत हे शब्द पाठच असतात, इतरांना पहिल्यांदा जरा अवघडल्यासारखं होतं. धर्मांतराचा त्यात काही संबंध नसतो.

सूचना आणि प्रवचनं सत्यनारायण गोयंका यांच्या ध्वनिमुद्रित आवाजात असतात, हेही आधी माहीत असलेलं बरं. गोयंका मूळचे मंडालेचे, जन्म 1924. ब्रह्मदेशाचे महालेखापाल राहिलेल्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकून ते 1969 मध्ये भारतात आले, आणि धम्मगिरीत 1976 पासून शिबिरं सुरू झाली. 2013 मध्ये ते गेले, तरी आजही शिबिर त्यांच्याच आवाजात चालतं. समोर बसलेले आचार्य नवीन काही शिकवत नाहीत, ते तपासतात आणि शंका सोडवतात. मधूनमधून चार-पाच जणांना पुढे बोलावून ‘श्वास कळतो का?’ एवढंच विचारतात. ‘नाही’ असेल तर ‘नाही’ म्हणा. तिथे कोणी गुण देत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. लक्ष डोक्याच्या टाळूपासून सुरू करून दोन-तीन इंचांच्या एकेका भागातून पायाच्या बोटांपर्यंत न्यायचं आणि प्रत्येक ठिकाणी जी संवेदना असेल ती जाणायची. खाज, उष्णता, घाम, कपड्याचा स्पर्श, ठसठस, जडपणा, काहीही चालतं. तिला नाव द्यायचं नाही, हाकलायचं नाही, धरूनही ठेवायचं नाही. ती आली तशी जाणार, पालीत ‘अनिच्च’. एक फेरी साधारण दहा मिनिटांत पुरी व्हावी.

बहुतेकांना सुरुवातीला शरीराचे मोठाले पट्टे कोरे लागतात. पाठ गायब, पोटऱ्या गायब. अशा ठिकाणी मिनिटभर शांतपणे थांबायचं, नाहीच काही जाणवलं तर पुढे सरकायचं. बरेच जण इथे डोळ्यांनी बघायला लागतात. म्हणजे पापण्या मिटलेल्या, पण बुबुळं खाली खाली सरकतायत, जणू आतून गुडघा दिसणार आहे. संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागतं. अशी डोकेदुखी सुरू झाली की समजा, तुम्ही जाणत नाही, बघताय. डोळे सैल सोडा आणि पाच-दहा मिनिटं श्वासावर परत या.

त्याहून फसवी गोष्ट पाचव्या-सहाव्या दिवसानंतर येते. कुणाला अचानक सगळ्या अंगभर बारीक, सुखद लहरींचा प्रवाह लागतो. फार छान वाटतं. दुसऱ्या सकाळी तो गायब, जागेवर जुनंच ठणकणं. मग दिवसभर कालचं परत मिळवायची धडपड आणि रात्री आचार्यांसमोर डोळ्यांत पाणी. यात बिघडलेलं काहीच नसतं. संवेदना कोणती आली याला तिथे महत्त्व नाही, तिच्याकडे समतेने पाहता आलं का याला आहे. हे वाक्य प्रवचनात रोज ऐकवतात आणि तरीही प्रत्येक शिबिरात निम्मा हॉल कालच्या लहरी शोधत असतो.

विपश्यना दिल्यानंतर तिन्ही सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या होतात: एक तास डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत. हा तास जवळून बघण्यासारखा असतो. पहिली पंधरा मिनिटं हॉलमध्ये खोकले, नाक ओढणं, उशांची खसखस. मग सगळं थिजतं, पंख्याचा आवाज तेवढा राहतो. चाळीस मिनिटं झाली की एक घोटा असा काही पेटतो की बाकी शरीर आहे हे विसरायला होतं. तेव्हा करायचं काय? दाबून धरू नका. दातांवर दात रोवून बसलात तर मान आखडेल आणि पुढची बैठक वाया जाईल. त्या जागेवर थोडा वेळ लक्ष नेऊन बघा, दुखणं एकसंध नसतं. मध्ये ठोका असतो, कडेला उष्णता असते, ते कमी-जास्त होत असतं. मग तिथून लक्ष काढून फेरी चालू ठेवा. जबडा आणि खांदे सैल आहेत ना, तेवढं तपासा. शेवटच्या काही मिनिटांत गोयंकांच्या आवाजात पालीतलं पठण सुरू होतं. ते सुरू झालं की माणसं निम्मी सुटतात. म्हणूनच अर्धा हॉल नकळत त्या आवाजाची वाट बघत बसलेला असतो, आणि वाट बघणाऱ्याचा तास दुप्पट होतो. पहिल्या एक-दोन वेळा पाय हलला तर हलू द्या. पुढच्या बैठकीत पाच मिनिटं जास्त बसाल. मणक्याचा त्रास असणाऱ्याने अधिष्ठानाची पैज लावू नये.

जेवण साधं, शाकाहारी असतं. अकराच्या जेवणानंतर नव्या साधकांना संध्याकाळी पाचला चहा किंवा दूध, फळ आणि थोडे कुरमुरे मिळतात, जुन्या साधकांना नुसतं लिंबूपाणी. रात्री भूक लागेल म्हणून अकराला पोट तट्ट भरणं ही पहिल्या दिवसाची चूक, कारण एक ते अडीचची बैठक हीच मुळात दिवसातली सगळ्यात झोपाळू असते. पाऊण पोट जेवा, पाणी भरपूर प्या. बसून बसून बद्धकोष्ठ होतो, घरी इसबगोल घेत असाल तर तो बरोबर न्या. दिवसाला पाच-सहा कप चहा-कॉफी लागत असेल तर आठवडाभर आधी कमी करत दोनवर आणा, नाहीतर पहिले दोन दिवस डोकेदुखीत जातील आणि तुम्ही ती साधनेच्या नावावर खपवाल. तंबाखू, मशेरी, गुटखा, सिगारेट तिथे अजिबात चालत नाही. व्यसन असेल तर निदान महिनाभर आधी सोडायला लागा. शिबिर अर्धवट सोडण्याच्या कारणांत तलफ बरीच वरच्या क्रमांकावर असते.

झोप पहिले दोन दिवस अनावर येते आणि नंतर उलटंच होतं, रात्री टक्क जाग. पडून राहा, पडल्या पडल्या संवेदना बघत राहा आणि झोप मोजू नका. स्वप्नं ठळक पडतात, जुनी भांडणं वर येतात. दुसरा आणि सहावा दिवस बहुतेकांना जड जातो आणि पळून जायच्या कल्पना तेव्हाच सुचतात. त्या फार तर्कशुद्ध भासतात: ऑफिसातलं काम, आईची तब्येत, ‘मला मुळात याची गरजच नाही.’ बॅग भरण्याआधी आचार्यांना भेटा आणि निर्णय दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत पुढे ढकला. घरच्या काळजीने मन ओढू नये म्हणून केंद्राचा फोन नंबर घरी देऊन ठेवा. तातडीचं काही असेल तर निरोप तुमच्यापर्यंत पोचतो.

एका बाबतीत मात्र धाडस नको. तीव्र नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, पॅनिकचे झटके असं काही आत्ता किंवा पूर्वी झालं असेल तर अर्जात लपवू नका, आणि आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जाऊ नका. इतके तास स्वतःसोबत एकटं राहणं अशा वेळी आजार उसळवू शकतं. चालू असलेली कोणतीही गोळी, रक्तदाबाची असो वा मनाची, शिबिरासाठी बंद करायची नाही. मधुमेह असेल तर संध्याकाळच्या खाण्याचं आधीच ठरवून घ्या.

सामानात बारा दिवसांची औषधं, ओळखपत्र, सैल कपडे, अंगावर घ्यायला शाल, टॉर्च, पाण्याची बाटली, साधं गजराचं घड्याळ. फोन जमा होणार, वही-पेन-पुस्तक चालत नाही. उग्र वासाची तेलं, अत्तर नको. चप्पल आवाज न करणारी घ्या. कुरकुरणाऱ्या प्लास्टिक पिशव्या कापडी पिशवीत रिकाम्या करा, पहाटे चारला खोलीतल्या दुसऱ्या माणसाला त्या पिशवीचा आवाज तोफेसारखा लागतो. पावसाळ्यात जात असाल तर इगतपुरीचा पाऊस गंमत नाही. घाटमाथा आहे, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. छत्री आणि आतल्या कपड्यांचे जास्तीचे जोड लागतातच. थंडीत पहाटे गार पडतं, कानटोपी असू द्या. रेल्वे स्थानकापासून केंद्र जवळ आहे, रिक्षा मिळतात. नोंदणी दुपारची असते, अगदी शेवटच्या तासाला धावत पोचू नका. राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर या शिबिरासाठी रजेची वेगळी तरतूद आहे, आस्थापना शाखेत चौकशी करा.

दहाव्या दिवशी सकाळी मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात आणि मौन सुटतं. सगळे एकदम बोलायला लागतात आणि दुपारपर्यंत अनेकांचं डोकं दुखायला लागतं. थोडंच बोला, संध्याकाळच्या बैठका अजून बाकी असतात. दानाची सोय त्याच दिवशी असते. शिबिराला शुल्क नसतं, आणि एक शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच दान घेतात, ते किती द्यायचं हे कोणी सांगत नाही. अकराव्या दिवशी सकाळी खोली झाडून, नाश्ता करून सातच्या सुमारास मोकळे. त्या दिवशी स्वतः गाडी चालवत कसारा घाट उतरायचा बेत करू नका, आणि ऑफिसला दुसऱ्याच दिवशी हजर होऊ नका. आवाज अंगावर येतात, फोनवरचे हजार निरोप नको वाटतात. राजीनामा, लग्न, वाटणी असले निर्णय दोन आठवडे तरी घेऊ नका.

घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. बैठ्या नोकरीत दोन तास निघत नसतील तर सकाळचा धरून ठेवा, कारण संध्याकाळचा तसाही आधी सुटतो. आणि काही कारणाने जायचंच रद्द झालं तर प्रवेश लगेच रद्द करून कळवा. प्रतीक्षा यादीतल्या माणसाला रजा टाकायला निदान आठवडा तरी लागतो.